व्हिडिओ पुरेसे झाले, आता प्रश्नपेढ्या बांधा

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू, अधिष्ठाता, अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि संलग्न महाविद्यालयांचे प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

नवे वर्ष तोंडावर आले की महाविद्यालयांत एक परिपत्रक येऊन पडते. अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर वाढवावा, प्रत्येक शिक्षकाने ई-आशय तयार करावा, त्याच्या लिंक अमुक तारखेपर्यंत कार्यालयात द्याव्यात. शिक्षक मोबाइल टेबलावर टेकवून तास रेकॉर्ड करतात, लिंकांचा तक्ता होतो, तक्ता महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत लागतो. त्या व्हिडिओचा विद्यार्थ्याला काय उपयोग झाला, हे कुणी विचारत नाही आणि ते कळण्याची सोयही त्या तक्त्यात नसते.

आमची मागणी एकच आहे. यंदाच्या परिपत्रकात व्हिडिओंच्या जागी प्रश्नपेढी मागा. प्रत्येक विषयासाठी अभ्यास मंडळाने विद्यापीठभर चालणारी एक सामायिक प्रश्नपेढी उभारावी आणि तिच्यावर दर आठवड्याला विद्यार्थ्याची छोटी सराव-चाचणी व्हावी. ही पेढी कशी बांधायची, कुठे मोडते आणि का, ते पुढे सविस्तर लिहितो, कारण असे उपक्रम हेतू चुकल्याने क्वचितच बुडतात; ते तपशिलात बुडतात.

व्याख्यानांचा आता तुटवडा नाही. आयआयटींच्या व्याख्यानांचा एनपीटीईएल प्रकल्प २००३ पासून चालू आहे, ऑनलाइन अभ्यासक्रमांचे सरकारी व्यासपीठ स्वयम २०१७ पासून. पदव्युत्तर विषयांसाठी ई-पीजी पाठशाला आहे, प्रयोगांसाठी व्हर्च्युअल लॅब्ज आहेत, संगणकाच्या सॉफ्टवेअरसाठी आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल मालिका आहे आणि तिचे कितीतरी पाठ मराठीत ऐकायला मिळतात. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत सरकारी विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली झाली आहेत. मराठी माध्यमातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या कला-वाणिज्य विषयांत अजून पोकळी आहे, हे खरे. पण तिथेही विद्यार्थ्याची पहिली गरज आणखी एक पाऊण तासाचे व्याख्यान ही नाही. व्याख्यान त्याने वर्गात ऐकलेलेच असते.

त्याला मिळत नाही ती गोष्ट वेगळी आहे: स्वतः सोडवून पाहणे, चुकणे आणि नेमके कुठे चुकलो हे लगेच कळणे. १२० जणांच्या वर्गाच्या वह्या तपासायच्या तर एका वहीला तीन मिनिटे धरली तरी सहा तास जातात. असे तीन वर्ग असलेला शिक्षक हे दर आठवड्याला करू शकणार नाही, आणि करावे अशी अपेक्षाही कुणी ठेवू नये. म्हणून मग विद्यार्थ्याची पहिली चूक सत्राच्या शेवटी, उत्तरपत्रिकेत, लाल शाईने उघड होते. तोवर ती पक्की झालेली असते. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून लिहिण्याने ते जास्त टिकते, हे मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रयोगांनी दाखवले. लगेच विचारले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षा आठवड्यांनी नाही, महिन्यांनी द्यायची असते.

आता प्रश्न कसा हवा ते पाहू. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाचे, घसाऱ्याचे, म्हणजे यंत्राच्या किमतीत दरवर्षी धरायच्या घटीचे, उदाहरण घेतो.

‘एका कारखान्याने १ ऑक्टोबर २०२३ रोजी ₹१,००,००० ला यंत्र घेतले. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. घसारा दरसाल १० टक्के, घटत्या शिल्लकेवर. २०२४-२५ या वर्षाचा घसारा किती?’

उत्तर ₹९,५००. पहिल्या वर्षी यंत्र सहाच महिने होते, म्हणून ५,००० वजा झाले. उरलेल्या ९५,००० चे दहा टक्के. बाजारातल्या गाइडांत अशा प्रश्नाला ८,५००, ९,५००, १०,५००, ११,५०० असे पर्याय असतात. कुणी ८,५०० निवडले तर त्यावरून काहीच कळत नाही, कारण कुठल्याही चुकीच्या रीतीने ते उत्तर येत नाही. तो नुसता अंदाज असतो. आमच्या मते पर्याय असे हवेत: १०,०००, म्हणजे विद्यार्थ्याने घसारा मूळ किमतीवर काढला. ९,०००, म्हणजे पहिल्या वर्षी पूर्ण बारा महिन्यांचा घसारा धरला. ४,७५०, म्हणजे पहिल्या वर्षाचे सहा महिने दुसऱ्या वर्षालाही लावले. आता प्रत्येक चुकीच्या पर्यायाला नाव आहे, आणि प्रत्येकाखाली वेगळा अभिप्राय लिहिता येतो. ९,००० निवडणाऱ्याला लगेच दिसावे: ‘यंत्र ऑक्टोबरात आले. मार्चअखेर किती महिने झाले? पहिल्या वर्षाचा घसारा पुन्हा काढा आणि मग शिल्लक मांडा.’ अभिप्रायात उत्तर सांगायचे नाही, चुकलेली पायरी दाखवायची. त्याच चाचणीत तो परत प्रयत्न करतो तेव्हा तो खऱ्या अर्थाने शिकत असतो.

हे चुकीचे पर्याय खोलीत बसून सुचत नाहीत. ते कॅप सेंटरवर, म्हणजे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका एकत्र तपासल्या जातात तिथे, मिळतात. दर सत्रात शेकडो परीक्षक हजारो उत्तरपत्रिका तपासतात, त्याच त्याच चुका पाहतात आणि ते ज्ञान तिथेच सांडते. अध्यक्ष महोदय, प्रत्येक परीक्षकाला एक कोरा कागद द्या आणि दर प्रश्नापुढे सर्वांत जास्त दिसलेल्या तीन चुका लिहून घ्या. दहा मिनिटांचे काम आहे. प्रश्नपेढीसाठी इतका मोलाचा कच्चा माल दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

आकडा किती हवा? चार श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) विषयात साधारण चार घटक असतात. घटकाला ६० प्रश्न धरले तर विषयाला २४०. संलग्न महाविद्यालयांतल्या बारा शिक्षकांनी प्रत्येकी वीस लिहिले की झाले. चांगला प्रश्न, त्याचे पर्याय आणि प्रत्येक पर्यायाचा अभिप्राय लिहायला अर्धा तास लागतो, म्हणजे एका शिक्षकाचे दहा तास. मग हे वीस प्रश्न दुसऱ्या शिक्षकाने उत्तरसूची न पाहता सोडवायचे. जिथे त्याचे उत्तर जुळत नाही तिथे एकतर सूची चुकली आहे किंवा भाषा संदिग्ध आहे. ही पायरी वगळू नका. घाईत पहिल्यांदा हीच पायरी गळते आणि तीच पुढे सगळ्यात महाग पडते.

घटकाचे ६० प्रश्न एकाच पेटीत टाकू नका. तीन उपविभाग करा: आठवणीचे २०, वापराचे २५, अवघड १५. चाचणीत पहिल्या दोहोंतून चार-चार आणि तिसऱ्यातून दोन प्रश्न यंत्रणेने यादृच्छिक उचलावेत. सगळे एकत्र ठेवले तर एका विद्यार्थ्याच्या वाट्याला दहाही सोपे येतात, दुसऱ्याला सात अवघड, आणि तक्रार रास्त असते. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय तर बंदच करा. पर्यायांचा क्रम यंत्रणा बदलते तेव्हा तो वर जाऊन बसतो आणि प्रश्न निरर्थक होतो. बरोबर पर्याय इतरांपेक्षा लांबलचक असण्याची आपल्याकडे फार सवय आहे. विषयाचे काही न वाचलेला विद्यार्थीही तेवढ्यावरून उत्तर ओळखतो.

यासाठी मूडल हे ऑनलाइन अध्यापन-चाचणीचे सॉफ्टवेअर वापरावे असे आम्ही आग्रहाने सांगतो. ते मुक्त स्रोत आहे, परवान्याचा पैसा लागत नाही, पर्यायागणिक वेगळा अभिप्राय देता येतो आणि पेढीतून प्रश्न उचलता येतात. गुगल फॉर्म सोपा असला तरी त्यात अभिप्राय फक्त ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असा दोनच प्रकारचा देता येतो, आणि पेढी ही कल्पनाच त्यात नाही. सर्व्हर नसलेल्या महाविद्यालयाने एखाद-दुसऱ्या चाचणीपुरता तो वापरावा, पण विद्यापीठाचा कारभार त्यावर उभा करू नये.

मूडलमध्ये मराठीतून काम करताना काही खड्डे ठरलेले आहेत. ते आधीच सांगतो.

संख्यात्मक प्रश्नात उत्तराच्या चौकटीत विद्यार्थी देवनागरी अंक टाइप करतो, यंत्रणेला ते अंक म्हणून ओळखता येत नाहीत, आणि बरोबर उत्तराला शून्य मिळते. याहून फसवी गोष्ट स्वल्पविरामाची. इंग्रजी अंकांत साडेनऊ हजार लिहिताना नवाच्या पुढे स्वल्पविराम दिला, तर मूडल त्या एकट्या स्वल्पविरामाला दशांशचिन्ह समजते आणि उत्तर साडेनऊ असे वाचते. एक लाख लिहिताना मात्र दोन स्वल्पविराम येतात, ते मूडल सोडून देते आणि उत्तर नीट वाचते. म्हणजे एकाच विद्यार्थ्याचे एक उत्तर बरोबर, दुसरे चूक, आणि कारण कुणालाच कळत नाही. म्हणून प्रत्येक संख्यात्मक प्रश्नाच्या शेवटी एक ओळ सक्तीची करा: ‘उत्तर इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम न देता लिहा.’ दशांशातल्या उत्तरांना सहनमर्यादा, म्हणजे किती फरक चालेल तो आकडा, द्यायला विसरू नका. ती शून्य राहिली तर एक तृतीयांशाला ०.३३ लिहिणाराही चुकतो आणि ०.३३३ लिहिणाराही.

एका शब्दात उत्तर मागणारा प्रश्न मराठीत शक्यतो टाळाच. ‘ॲसिड’ मधला पहिला स्वर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एका संकेताने, किंवा ‘अ’ वर वेगळा चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. यंत्रणेला ते वेगळे शब्द वाटतात. ‘ऱ्या’ चेही तसेच, कारण कळफलकागणिक तो वेगवेगळ्या संकेतांनी उमटतो. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न तर वेगळाच. रसायनशास्त्राच्या चाचणीत शुद्धलेखनासाठी गुण कापले जाऊ नयेत.

प्रश्न एकेक करून पडद्यावर भरण्यापेक्षा गिफ्ट या साध्या मजकूर-स्वरूपात लिहून एकदम चढवणे फार सोयीचे. बरोबर पर्यायाआधी बरोबरचे चिन्ह, चुकीच्या आधी नागमोडी रेघ, अभिप्रायाआधी हॅश. शिक्षक हे अर्ध्या तासात शिकतो. पण फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडलेच पाहिजे, नाहीतर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हे होऊन बसते. प्रश्नाच्या मजकुरात स्वतःचे बरोबरचे चिन्ह, महिरपी कंस किंवा अपूर्णविराम असेल तर त्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. भौतिकशास्त्राच्या सूत्रांत बरोबरचे चिन्ह येणारच, आणि तिथेच चढवणे अडते. एका चुकीपायी पूर्ण फाइल नाकारली जाऊ शकते, म्हणून एका फाइलीत वीसपेक्षा जास्त प्रश्न घेऊ नयेत. चूक शोधणे सोपे जाते.

जुन्या प्रश्नपत्रिका बहुधा श्री-लिपी, कृतीदेव अशा जुन्या फाँटांत टाइप केलेल्या असतात. त्या चिकटवल्या की मजकुराचा कचरा होतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे या तीन ठिकाणी माणसाने नजर फिरवलीच पाहिजे. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही ऑनलाइन आहेत. मंडळाने प्रत्येक घटकाच्या तीस-चाळीस संज्ञांची मराठी-इंग्रजी यादी आधी ठरवून बारा जणांना द्यावी. नाहीतर एकाच्या प्रश्नात एक संज्ञा, दुसऱ्याच्या प्रश्नात दुसरी, आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी विषय येत असूनही शब्दात अडकतो. प्रश्नात दोन्ही भाषांतली संज्ञा शेजारी शेजारी द्या. पुढे पदव्युत्तर वर्गात इंग्रजी पुस्तक हाती घेताना त्याला याचा आधार होईल.

विद्यार्थ्याकडे बहुतेक वेळा फोनच असतो, आणि डेटा मोजून वापरायचा असतो. एक मेगाबिट वेगाने चालणारे ४५ मिनिटांचे व्याख्यान सुमारे ३४० एमबी खाते. दहा प्रश्नांची मजकुराची चाचणी त्यापुढे नगण्य आहे. व्याख्यान द्यायचेच असेल तर ध्वनिफीत द्या. ३२ किलोबिटवर, एकाच वाहिनीत, तेच ४५ मिनिटांचे व्याख्यान ११ एमबीच्या आत बसते आणि फळ्यावरच्या मजकुराचे दोन पानांचे टिपण सोबत जोडता येते. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये चाचणी आधी उतरवून, रेंज नसताना सोडवून, नंतर पाठवता येते. गडचिरोलीत किंवा नंदुरबारच्या दुर्गम भागात ही सोय फार मोलाची आहे. पण अटी आहेत: चाचणीला वेळेची मर्यादा नको, ठरावीक नेटवर्कचे बंधन नको, आणि अभिप्राय चाचणी संपल्यावर देण्याची पद्धत निवडलेली हवी. म्हणजे घड्याळ लावले की ही सोय गेली. आमचे मत स्पष्ट आहे: सरावाच्या चाचणीला घड्याळ लावूच नका. शुक्रवारी सकाळी उघडा, पुढच्या गुरुवारी रात्री बंद करा, तीन प्रयत्न द्या, सर्वांत चांगला धरा. बरोबर उत्तर फक्त चाचणी बंद झाल्यावर दिसू द्या. चुकीवरचा अभिप्राय मात्र प्रत्येक प्रयत्नानंतर.

यातून दृष्टिहीन विद्यार्थ्याचाही मार्ग सोपा होतो. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर एनव्हीडीए हे मोफत पडदावाचक त्याला मराठी प्रश्न वाचून दाखवते. प्रश्न फोटो काढून चिकटवला की तो त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतो. आकृती अपरिहार्य असेल तिथे तिचे वर्णन लिहा, आणि गणिती सूत्रे चित्रात न देता लेटेक या सूत्रलेखनाच्या मजकूर-पद्धतीत लिहा.

गुणांचा मुद्दा नाजूक आहे. घरी सोडवलेल्या चाचणीला अंतर्गत गुणांपैकी मोठा वाटा दिला की पहिल्याच आठवड्यात पडद्याची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. आता तर बहुपर्यायी प्रश्न एआय चॅटबॉटला विचारणे हा काही सेकंदांचा खेळ आहे. यावर पहारा बसवण्याच्या फंदात पडू नका. फोनच्या कॅमेऱ्यातून पाळत ठेवणारी साधने महाग आहेत, अपमानकारक आहेत आणि घरी स्वतंत्र खोली नसलेल्या मुलांवर अन्याय करतात. सगळ्या साप्ताहिक चाचण्यांना मिळून विषयाचे फार तर पाच गुण ठेवा, तेही चाचणी पूर्ण केल्याबद्दल. मग सत्रात दोनदा, त्याच पेढीतून, महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत गुणांची चाचणी घ्या. ३० संगणक आणि १२० विद्यार्थी असतील तर २५ मिनिटांच्या चार पाळ्या लागतात. प्रत्येकाला प्रश्न वेगळे येतात, त्यामुळे पाळ्यांनी फरक पडत नाही. सेफ एक्झाम ब्राउझर मोफत आहे. तो लावला की त्या वेळेपुरते दुसरे काही उघडता येत नाही. घरी खरोखर सराव केलेल्याला तिथे फायदा दिसतो, आणि हे एकदा कळले की चॅटबॉटला विचारणे आपोआप कमी होते.

पेढी विद्यार्थ्यांपासून लपवायचीही गरज नाही. २४० प्रश्न कुणी सगळे सोडवून पाठ केले, त्यांचे अभिप्राय वाचले, तर आपल्याला हवे होते तेच त्याने केले.

पहिल्या सत्रानंतरचे काम अनेक ठिकाणी होतच नाही, आणि आमच्या दृष्टीने तेच सर्वांत रसाळ आहे. मूडल प्रत्येक प्रश्नाची आकडेवारी देते. किती टक्के विद्यार्थ्यांना तो आला, हा पहिला आकडा. ९५ च्या वर असेल तर प्रश्न फार सोपा. २० च्या खाली असेल तर अवघड तरी आहे किंवा बिघडलेला. दुसरा आकडा भेदाचा: एकूण चाचणीत चांगले गुण मिळवणाऱ्यांना हा प्रश्न जास्त येतो का? तो ऋण आला, म्हणजे हुशार विद्यार्थी चुकतात आणि बाकीच्यांना उत्तर येते, तर बहुतेक वेळा उत्तरसूचीच चुकलेली असते. सूची दुरुस्त करून गुण पुन्हा मोजण्याची आज्ञा दिली की सगळ्यांचे गुण आपोआप सुधारतात. मग पर्यायांकडे पाहा. शंभरातल्या चार-पाच जणांनीही न निवडलेला पर्याय काढून टाका. ती चूक कुणी करत नाही. आणि घसाऱ्याच्या प्रश्नात चाळीस टक्क्यांनी ९,००० निवडले असेल, तर दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपण वर्गात महिन्यांचा हिशेब नीट शिकवलेला नाही. पुढच्या आठवड्याचा तास तिथूनच सुरू व्हावा. शिक्षकाला वर्गात जाण्याआधी हे कळणे हीच या सगळ्या यंत्रणेची खरी कमाई आहे.

साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांत पेढीचा उपयोग मर्यादित आहे. कवितेच्या अर्थाला चार पर्याय देऊ नयेत. तिथे मूडलमधील ‘वर्कशॉप’ वापरा: विद्यार्थी दोनशे शब्दांचे उत्तर लिहितो, मग ठरलेल्या निकषांवर इतर तिघांची उत्तरे तपासतो. निकष नेमके हवेत. ‘आशय चांगला’ असा निकष निरुपयोगी. ‘मुद्द्याच्या पुष्टीसाठी संहितेतील ओळ दिली आहे का’ हा उपयोगी.

सर्व्हरविषयी थोडे, कारण दोष इथे येतो आणि खापर शिक्षकांवर फुटते. महाविद्यालयागणिक वेगळे मूडल उभारू नका. विद्यापीठाचे एकच ठेवा आणि ते सांभाळायला पूर्णवेळ दोन माणसे नेमा. क्रॉन हे पार्श्वभूमीतले काम दर मिनिटाला चालले पाहिजे. ते बंद पडले की संकेतस्थळ दिसते ठीक, पण सूचना जात नाहीत, पूर्ततेच्या नोंदी अडतात आणि दोन आठवड्यांनी कुणाच्या तरी लक्षात येते. मूडल ज्या संगणकभाषेत लिहिले आहे त्या पीएचपीची मूळ सेटिंग फक्त दोन एमबीची फाइल चढवू देते, ती वाढवावी लागते. बॅकअप घेताना नुसता डेटाबेस घेऊन थांबू नका. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी चढवलेल्या फायली मूडलडेटा या वेगळ्या फोल्डरात असतात, त्याही नावाने नाही तर सांकेतिक अंकाक्षरांच्या नावाखाली. डेटाबेस असून हा फोल्डर नसेल, किंवा उलट, तर परत उभे करणे अशक्य होते. वर्षातून एकदा तो बॅकअप खरोखर दुसऱ्या यंत्रावर उभा करून पाहा. मूडल ५.० मध्ये प्रश्नपेढ्यांची रचना बदलली आहे, पेढी अनेक अभ्यासक्रमांत वाटून वापरणे तिथे सोपे झाले आहे. पण जुन्या आवृत्तीवरून जाताना आधी प्रतीवर करून पाहा, सत्र चालू असताना नको. आणि प्रयोगशाळेतली चाचणी सगळ्या जिल्ह्यांत एकाच दिवशी सकाळी दहाला सुरू करू नका. चाचणी चालू असताना उत्तरे दर मिनिटाला आपोआप जतन होतात. हजारो जणांच्या त्या एकत्र नोंदींनी सर्व्हर गुदमरतो.

विद्यार्थ्याचे खाते विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकावर (पीआरएन) उघडा. मोबाइल क्रमांक, आधार, जात, जन्मतारीख यातले काहीही मूडलला लागत नाही, म्हणून मागू नका. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारे पुष्कळ जण तेव्हा सतराच वर्षांचे असतात.

पैशांचे बोलू. प्रश्नपत्रिका काढण्याला विद्यापीठ मानधन देते. पेढीतल्या प्रश्नालाही ते दिलेच पाहिजे, तपासणाऱ्यालाही, आणि आकडेवारीवरून दुरुस्ती करणाऱ्यालाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत चार भागांच्या ई-आशयाला गुण आहेत. त्या चारांपैकी एक भाग मूल्यमापनाचा आहे, हे लक्षात घेऊन पदोन्नतीच्या अर्जात प्रश्नलेखन नोंदवण्याची वाट विद्यापीठाने काढून द्यावी. शिक्षकांच्या नावानिशी पेढी प्रसिद्ध करा. ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली ठेवली तर मुंबईची सांख्यिकी जळगावला आणि कोल्हापूरचे लेखाकर्म नांदेडला वापरता येईल. प्रत्येक विद्यापीठाने घसाऱ्याचे साठ प्रश्न नव्याने लिहिण्यात काही शहाणपण नाही.

प्रश्नांचा कच्चा मसुदा एआयकडून घ्यायला आमची हरकत नाही. मात्र मराठीतले त्याचे पर्याय पुष्कळदा निर्जीव असतात आणि आकडेमोड चुकलेली असते, म्हणून दुसऱ्या शिक्षकाने सोडवून पाहण्याची पायरी तिथे दुप्पट काळजीने पाळावी.

पहिल्याच वर्षी सगळे विषय घेऊ नयेत. ज्यांत अनुत्तीर्णांची संख्या सर्वांत मोठी आहे असे पहिल्या वर्षाचे तीन विषय निवडा. ते कोणते, हे परीक्षा विभागाला आजच सांगता येईल. उन्हाळी परीक्षेच्या कॅप सेंटरवर चुकांचे कागद गोळा करा, मे महिन्यात बारा-बारा शिक्षकांची तीन दिवसांची बैठक घ्या: पहिला दिवस संज्ञांची यादी आणि नमुना प्रश्नांचा, दुसरा लिहिण्याचा, तिसरा एकमेकांचे सोडवण्याचा. उरलेले प्रश्न जूनमध्ये घरून येतील. जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारी पहिली चाचणी उघडता येईल. नमुना फायली, गिफ्ट स्वरूपाचे एक पानाचे मराठी टिपण आणि सर्व्हरची तपासयादी आम्ही तयार ठेवली आहे. मागणाऱ्या कोणत्याही अभ्यास मंडळाला ती विनामूल्य देऊ आणि बैठकीला येऊन बसू.

आपले,
संलग्न महाविद्यालयांत शिकवणारे आणि तिथल्या मूडल यंत्रणा सांभाळणारे काही प्राध्यापक व तंत्रसहायक